दोघं आत, एक बाहेर

१

पाखरांना मोजता येत नाही, या एका गोष्टीवर हिरासिंगचा सगळा कारभार उभा होता.

पुसेगावकडून येताना डांबरी रस्ता सोडून तीन किलोमीटर आत आलं की तांडा लागतो आणि तांड्याच्या मागे तलाव. जुना, मातीच्या पाळीचा, एरवी म्हशी डुंबायच्या कामाचा. पण दिवाळी सरली की त्यावर पाखरं उतरतात. चक्रवाक येतात, थापट्या येतात, तलवार बदकं येतात, आणि थंडी चांगली पडली तर करकोचेही येतात. सहा वर्षांपूर्वी वनखात्यानं इथं अभयारण्याची हिरवी पाटी लावली, मग पाखरांमागून माणसंही यायला लागली. नांदेडची, परभणीची, कधी पुण्याची. ताडोबाला जाऊन वाघ न दिसलेले लोक तर हमखास यायचे. निदान बदक तरी दिसावं, एवढीच त्यांची अपेक्षा असायची आणि ती हिरासिंग पुरी करायचा.

त्यासाठी त्यानं लपण बांधलं होतं. पाण्यात शिरलेल्या चिंचोळ्या जमिनीच्या टोकाला तुराट्यांचा कुड, वर बांबूच्या तट्ट्या, पाण्याच्या बाजूला कॅमेऱ्याची नळी मावेल एवढी फट आणि आत एक लाकडी स्टूल. आत शिरलं की भर सकाळीसुद्धा अंधार. पण लपणात शिरणारा माणूस पाखरांना दिसतोच. ती उडून तलावाच्या मध्यावर जाऊन बसतात आणि तासन्‌तास काठाला फिरकत नाहीत, कारण आत कुणीतरी आहे हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून दोघांनी आत जायचं आणि एकानं बाहेर पडून निघून जायचं. पाखरांना वाटतं, गेली माणसं. पंधरा-वीस मिनिटांत ती काठाला येतात आणि आत बसलेल्याला अगदी हाताच्या अंतरावरून बघायला मिळतात.

बाहेर पडणारा एक म्हणजे हिरासिंग. तो पाळीवरच्या बाभळीखाली जाऊन बसायचा. त्याच्या मनगटाला एक बारीक नायलॉनची दोरी बांधलेली असायची, तिचं दुसरं टोक लपणातल्या पाहुण्याच्या हाताशी. दोन हिसके बसले की समजायचं, न्यायला बोलावतायत. मग हिरासिंग जायचा, आत शिरून पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि दोघं बाहेर यायचे. लपणात तोंडातून शब्द काढायचा नाही, हा त्याचा नियम होता.

२

दुसरा एक नियम होता, तो त्याच्या बाचा.

तांड्याची माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून मुलूखभर हिंडायची. रानात मुक्काम पडायचा. सकाळी निघायची वेळ झाली की नायक एकेकाचं नाव घ्यायचा आणि ज्याचं नाव असेल त्यानं ‘आलो’ म्हणायचं. ज्याचं नाव शेवटी यायचं, त्यानं उलट नायकाचं नाव घ्यायचं. नायकानंही ‘आलो’ म्हटलं की बैल हालायचे. डोकी मोजून कुणी निघत नसे. पुढं बैल गेले, मीठ गेलं, माणसं हळद आणि सोयाबीन करायला लागली, तरी सवय राहिली. बाजाराच्या दिवशी जीपचा ड्रायव्हर गाडी सुरू करून खोळंबलेला असतो आणि तांड्यातली म्हातारी माणसं शांतपणे नावं घेत असतात.

हिरासिंगचे वडील फुलसिंग ऐंशीच्या घरात होते. ऐकायला कमी आलेलं, दिसायला कमी आलेलं, पण या बाबतीत म्हातारा ऐकायचा नाही. डोकी मोजली तर काय बिघडतं, असं हिरासिंगनं एकदा चेष्टेत विचारलं होतं.

“डोकी तर बराबरच भरतेत,” बा म्हणाला होता. “म्हणून नाव घ्याचं.”

हिरासिंगला यातलं फारसं कळलं नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही वाटली नव्हती. पण पाळीवरून निघताना, मोटारसायकलला किक मारायच्या आधी, तो पाहुण्यांची नावं घ्यायचा. शहरातली माणसं हसायची, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढायची. ‘आलो’ मात्र म्हणायची.

३

वासिफ काही पाहुणा नव्हता. हिंगोलीत त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि दोस्ती शाळेपासूनची. पुसेगावच्या शाळेत दोघं एका बाकावर बसले आणि एकाच वर्षी नापासही झाले. हिरासिंगची आई गेली तेव्हा स्टुडिओला कुलूप लावून वासिफ चार दिवस तांड्यावर येऊन राहिला होता, आणि हिरासिंग जेवत नाही म्हणून स्वतःही जेवला नव्हता. हिरासिंगला सख्खा भाऊ नव्हता. त्याची उणीव त्याला कधी भासलीही नाही, ती वासिफमुळे.

पण त्याला लपणात बसवायचं म्हणजे ताप होता. एक तर तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. दुसरं म्हणजे शिंका. सावलीतून उन्हात आला की वासिफला शिंका यायच्या आणि त्या तीनच यायच्या, अगदी लहानपणापासून. लपणातून पाऊल बाहेर टाकलं की सुरू. तलावावरचं उरलंसुरलं पाखरू त्या आवाजानं उडायचं. हिरासिंग चिडून म्हणायचा, पुढच्या बारीला नाक घरी ठेवून ये.

त्या सोमवारी करकोचे उतरले होते. वासिफ पहिल्या एस.टी.नं पुसेगावला आला, तिथून हिरासिंगनं त्याला गाडीवर आणलं. लपणात वाजू नये म्हणून वासिफनं आपला फोन गाडीच्या पिशवीत ठेवला. साडेसातला दोघं लपणात शिरले, वासिफनं तिकाटण्यावर कॅमेरा लावला आणि हिरासिंग एकटा बाहेर पडून बाभळीखाली येऊन बसला. करकोचे काठाला आले. सगळं नेहमीसारखं.

नऊ वाजता मनगटाला दोन हिसके बसले.

हिरासिंगला नवल वाटलं. वासिफला लपणातून ओढून काढावं लागायचं, अकराच्या आधी त्यानं कधी दोरी हलवली नव्हती. पोटात दुखत असेल, असं म्हणत तो गेला. उन्हातून आत शिरल्यावर काही दिसेना. स्टुलावर पाठमोरी टोपी दिसली, गुडघ्यांवर ठेवलेले हात दिसले. त्यानं खांद्यावर हात ठेवला. वासिफ लगेच उठला आणि त्याच्यामागून बाहेर आला.

बाहेर ऊन तोंडावर येत होतं. हिरासिंग शिंकांची वाट बघत चार पावलं चालला. शिंक आली नाही. त्यानं वळून पाहिलं. वासिफनं टोपी खाली ओढली होती. डोळ्यांवर ऊन येत नसेल, म्हणून नसेल आली.

पाळीवर येतात तोच पिशवीतला फोन वाजायला लागला. वासिफची बायको अजरा होती. स्टुडिओत गिऱ्हाईक येऊन बसलंय, कधी येता, असं विचारत होती. हिरासिंगनं फोन वासिफकडे दिला. वासिफनं तो कानाला लावला, थोडा वेळ ऐकला आणि काही न बोलता परत दिला. मग हिरासिंगच म्हणाला की निघालोच भाभी, आणि फोन वासिफच्या खिशात सारून घाईघाईत त्यानं गाडीला किक मारली.

नाव घ्यायचं राहिलं, हे त्याला आठवलं तेव्हा पुसेगावचा फाटा आला होता. मागं बसलाय की, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं. एस.टी.त बसताना वासिफनं हात केला नाही. गडी कशावरून तरी रुसलेला दिसतो, असं हिरासिंगला वाटलं.

४

त्या दिवशी पाखरं काठाला परतली नाहीत.

दुपारी म्हशी आणायला हिरासिंग पाळीवर आला तेव्हा सगळी पाखरं तलावाच्या मध्यावर एकमेकांना चिकटून बसली होती. लपणाच्या बाजूचं पाणी मोकळं होतं. माणसं बाहेर पडून पाच तास झाले होते. एवढ्या वेळात तिथं बदकांचा बाजार भरलेला असायला हवा होता.

मंगळवारीही तेच. लपणात रानमांजर शिरलं असेल, नाहीतर घोरपड, असं म्हणून तो काठी घेऊन आत गेला. मांजर नव्हतं, घोरपड नव्हती. वासिफचा कॅमेरा होता. तिकाटण्यावर तसाच.

हा कॅमेरा वासिफ पोटच्या लेकरासारखा जपायचा. बायकोला हात लावू द्यायचा नाही. तो विसरून गेला, हे एक नवल. दुसरं नवल म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड पाण्याच्या फटीकडं नव्हतं. ते मागं, कुडाकडं होतं. तिथं दोन तुराट्या बाजूला सरल्या होत्या आणि त्यातून पाळ दिसत होती. उठताना धक्का लागला असेल, हिरासिंगनं स्वतःला सांगितलं. त्यानं वासिफला फोन लावला. अजरानं उचलला. ते अंगणात बसलेत म्हणाली, विचारून सांगते म्हणाली, आणि परत आल्यावर म्हणाली की काहीच बोलत नाहीत, तुमच्याकडंच राहू द्या.

बुधवारी परभणीचे एक डॉक्टर बायकोला घेऊन आले. नवरा-बायको दोघं आत बसणार, म्हणून हिरासिंगनं वनरक्षक माणिकरावांनाही सोबत घेतलं. चौघं आत गेले, दोघं बाहेर आले. माणिकराव बारा वर्षं जंगलात काढलेला माणूस, पण त्यांनाही कारण सापडेना. दोन तास झाले तरी एक टिटवीसुद्धा लपणाच्या बाजूला उतरली नाही. डॉक्टर कंटाळून निघून गेले. मग लपण रिकामं सोडून दोघं दुपारपर्यंत पाळीवर बसून राहिले. तरी नाही.

“आत कुनी असल्यावानी करून राहिलेत,” माणिकराव म्हणाले, आणि आपलं आपल्यालाच ते आवडलं नाही म्हणून त्यांनी लगेच तंबाखूची पिशवी काढली.

५

कॅमेऱ्यातले फोटो कसे बघायचे ते वासिफनंच त्याला शिकवलं होतं. बुधवारी दुपारी दारात बसून हिरासिंगनं ते बटण दाबलं.

करकोचेच करकोचे. पाण्यावर, चिखलात, मान वळवलेले, एका पायावर उभे. इतके जवळून की डोळ्यांची लाल कडा दिसत होती. वासिफ खूश झाला असता. शंभरेक फोटो असतील, आणि शेवटचा एक वेगळा.

त्यात पाळ होती. फोटोच्या दोन्ही कडांना तुराट्यांची धूसर सावली होती. पाळीवरून दोन माणसं पाठमोरी चालली होती. एकाच्या खांद्यावर चौकडीचा टॉवेल होता. तो हिरासिंग स्वतः. दुसऱ्याच्या डोक्यावर वासिफची टोपी होती. खाली वेळ आली होती, नऊ वाजून सहा मिनिटं.

हिरासिंगनं कॅमेरा मांडीवर ठेवला आणि डोकं चालवायला सुरुवात केली. वासिफ एकदा म्हणाला होता की या यंत्राला सांगून ठेवलं तर ते आपोआप फोटो काढतं, पाच पाच मिनिटांनी. तसंच असणार. पण मग त्यानंतर एकही का नाही. बॅटरी संपली असेल. पण बॅटरी संपली असती तर आता हे दिसलं नसतं. त्यानं फोटो परत बघितला. आपोआप काढलेल्या फोटोत काय स्पष्ट येईल ते नशीब. इथं टोपी घातलेला माणूस अगदी स्वच्छ आला होता, शर्टाची शिवण दिसत होती. शेजारचा हिरासिंग पुसट होता. ज्यानं काढला त्याला त्या टोपीवाल्याकडंच बघायचं होतं.

भीती वाटली. वाटली नाही असं म्हणण्यात अर्थ नव्हता. त्यानं कॅमेरा पिशवीत घालून घरातच खुंटीला टांगला आणि गुरुवारची पहिली एस.टी. धरली.

६

अजराभाभी दार उघडून उभी राहिली आणि आत या म्हणायच्या आधी तिनं हळूच अंगणाकडं बोट केलं.

वासिफ खुर्चीवर बसला होता. भर उन्हात, टोपी न घालता, हात गुडघ्यांवर. चेहरा शांत. दाढी केलेली, कपडे धुतलेले. अंगणात अजरानं सकाळी टाकलेले तांदळाचे दाणे होते आणि चिमण्या ते टिपत होत्या. त्या वासिफच्या पायांच्या मधून जात होत्या. एक पायावर चढली, पलीकडं उतरली. दुसरी खुर्चीच्या हातावर बसली आणि तिथून त्याच्या मनगटावर आली, चोच पुसली आणि उडून गेली. वासिफ हलला नाही. चिमणीही बिचकली नाही.

हिरासिंगनं सगळं आयुष्य पाखरं बघण्यात घालवलं होतं. माणूस कितीही स्थिर बसला तरी चिमणीला माणूस कळतो. हे त्याला ठाऊक होतं आणि आता ते ठाऊक नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

अजरानं त्याला स्वयंपाकघरात नेलं. ती रडली नाही. रडून झालं असावं.

“हिरासिंगभाई, तकलीफ काहीच न्हाई,” ती म्हणाली. “गुस्सा न्हाई, बडबड न्हाई, शिंका न्हाई. दिलं ते खातेत. पर नाव घेतलं तर वळून बघत न्हाईत. खांद्याला हात लावला तरच उठतेत. उठवलं तर चालतेत, बसवलं तर बसतेत. तुमच्यासंगं गेले व्हते. मला माझं मानूस आणून द्या.”

डॉक्टरला दाखवलं का, असं हिरासिंगनं विचारलं. दाखवलं होतं. अशक्तपणा आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. हिरासिंगला त्या गोळ्यांचा आधार वाटला. अशक्तपणानंही माणूस असा होऊ शकतो. अंगणातून जाताना त्यानं मुद्दाम मोठ्यानं हाक मारली, वासिफ. वासिफनं मान वळवली नाही. चिमण्या मात्र भुर्रकन उडाल्या, कारण त्यांना हिरासिंग दिसला होता.

७

संध्याकाळी त्यानं बाला सगळं सांगितलं, कानाशी तोंड नेऊन. फोटोचं सांगितलं, चिमण्यांचं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“निघताना नाव घेतलं व्हतं का?”

“न्हाई, बा. घाई झाली.”

बानं हातातली भाकर ताटात ठेवली. त्याच्या लहानपणी असं काही झालं होतं का, काय झालं होतं, हे हिरासिंगनं विचारलं, पण म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही किंवा ऐकायचं नव्हतं.

“जा आन तिथंच नाव घे,” तो शेवटी म्हणाला. “दिवसा, उनाचं. पर एकटा जाऊ नको. तुझं नाव घेयाला बी कुनी पाहिजे.”

शुक्रवार असाच गेला, हिरासिंगचा धीर गोळा होण्यात. शनिवारी तो हिंगोलीहून वासिफला घेऊन आला. अजरानं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गाडीवर बसवलं. वाटेत हिरासिंगनं स्वतःची समजूत घातली की बाचं म्हणणं पाळलंय, एकटा कुठं चाललोय, मागं वासिफ आहेच.

८

दहा वाजले होते. ऊन चांगलं चढलेलं. पाखरं तलावाच्या मध्यावर, सोमवारपासून होती तशीच.

त्यानं वासिफला बाभळीखाली बसवलं. नेहमी स्वतःच्या मनगटाला बांधतो ती दोरी आज त्याच्या मनगटाला बांधली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग तो एकटा चिंचोळ्या जमिनीवरून चालत गेला. परत फिरावं असं दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा अजराचा चेहरा आठवला.

लपणात अंधार होता, नेहमीचा. तुराट्यांचा वास, पाण्याची चुळचुळ. स्टूल रिकामं. तो कुडाशी उकिडवा बसला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिथं बोलला.

“वासिफ.”

काही झालं नाही. त्याला स्वतःचंच हसू आलं. बेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि बाहेर बसलेल्या माणसाला आत हाका मारतोय. चांगल्या डॉक्टरला दाखवायचं सोडून आपण हे काय करून राहिलो. असं म्हणत तो उठला, आणि आत काही राहिलंय का ते नीट दिसावं म्हणून त्यानं डोक्यावरची एक तट्टी उचलून बाजूला सारली. उन्हाचा झोत सरळ स्टुलावर पडला.

स्टुलाजवळ कुणीतरी शिंकलं.

हिरासिंगनं कुड घट्ट धरला. स्टुलावर कुणी नव्हतं. उन्हात धूळ तरंगत होती, आणि त्या धुळीतून दुसरी शिंक आली, मोठी, नाक चोळत दिल्यासारखी. तो तिसरीची वाट बघत राहिला. तिसरीही आली.

त्याला रडू फुटलं. सहा दिवस. सहा दिवस हा इथं बसून होता. आपण दोघांना इथं आणून बसवलं, काठी घेऊन मांजर शोधलं, कॅमेरा उचलून नेला, आणि एकदाही याचं नाव घेतलं नाही. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. डोळे पुसत तो म्हणाला, “वासिफ, चल रे. भाभी वाट बघून राहिली.”

त्याच्या पाठीमागून खांद्यावर एक हात आला. हळूच, तो स्वतः पाहुण्यांच्या खांद्यावर ठेवायचा तसा.

मागं कुड होता. हात ठेवायला तिथं कुणी उभं राहील एवढी जागाच नव्हती. हे हिरासिंगला कळलं, पण कळून काही करावंसं वाटलं नाही. तो वळून न बघता लपणातून बाहेर आला.

पाळीवर वासिफ उभा होता, एक हात डोळ्यांवर धरून, शर्टाच्या बाहीनं नाक पुसत. आणि बोलत होता. कधी आलो, कुठं आहे माझा कॅमेरा, करकोचे गेले का, आज वार कोणता, तू असा काय चेहरा करून राहिलास हिऱ्या, भूक लागली यार. त्याला सोमवार आठवत होता, दोरी ओढल्याचं आठवत नव्हतं. हिरासिंगला ते सगळं ऐकून फार बरं वाटायला हवं होतं. बरं वाटलंही असेल.

“आलास ना रे बाहेर?” मनगटावरची गाठ सोडता सोडता वासिफ थांबला. “मग आत कोण आहे? दोरी ओढून राहिलंय की कोणीतरी. दोन हिसके बसले.”

वारा असेल, असं हिरासिंगच्या मनात आलं. वासिफनं दोरी फेकून दिली आणि जुन्या सवयीनं हात वर करून म्हणाला, आपलं नाव घ्यायची वाट न बघता, “आलो. चल आता. हिरासिंग नायक.”

तलावाच्या मध्यावर पाखरं हलली नव्हती. हिरासिंग तिकडं बघत होता. उतरतील हळूहळू.

“हिरासिंग. अरे ए हिऱ्या, ऐकू येत न्हाई का?”

मग वासिफनं हसत येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला, तेव्हा तो वळला.

९

गाडी वासिफनंच चालवली. तांड्यावर हिरासिंगला सोडलं, कॅमेरा घेतला, गाडी उद्या आणून देतो म्हणाला आणि बोलत बोलतच निघून गेला. अजराचं माणूस घरी चाललं होतं. ते काम झालं होतं.

हिरासिंग ओट्यावर बसला. ऊन छान होतं. बायको शेतावर गेली होती. बा भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या समोर कोंबड्या अंगण उकरत होत्या.

“घेतलं का नाव?” बानं विचारलं.

हिरासिंग व्हय म्हणाला. निदान म्हणालो असं त्याला वाटलं. म्हातारा कान पुढं करून तसाच वाट बघत राहिला.

“आन तुझं?”

एक कोंबडी ओट्यावर आली. तिच्यामागून पिलं आली. ती हिरासिंगच्या पायावरून गेली, पुन्हा परत आली, आणि त्याच्या पायाच्या बोटांमध्ये अडकलेला एक दाणा टिपायला लागली. त्याला गंमत वाटली. ही कोंबडी त्याच्या सावलीलासुद्धा भिऊन पळायची.

बाला कमी दिसायचं, पण तो त्या कोंबडीकडं बघत होता. मग त्यानं मुलाच्या तोंडाकडं बघितलं.

“हिरासिंग,” बा म्हणाला.

ते नाव हिरासिंगनं ऐकलं, नीट ऐकलं. पलीकडच्या घरात कुणाला तरी हाक मारतायत, असं त्याला वाटलं.

“हिरासिंग.”

म्हातारा उठला. भिंत धरून, गुडघा दाबून, वेळ लावून उठला. त्यानं चपला पायात सरकवल्या, कोपऱ्यातली काठी घेतली आणि ओट्याच्या तीन पायऱ्या एकेक करून उतरला. गेल्या दोन वर्षांत तो अंगणाच्या पुढं गेला नव्हता. मुलाच्या जवळून जाताना त्याचा हात एकदा वर आला, खांद्यापाशी थांबला, आणि न टेकताच खाली गेला. मग तो तलावाच्या वाटेला लागला. भर उन्हात, दर चार पावलांना थांबत, आणि थांबला की तीच एक हाक मारत.

हिरासिंग बघत होता. बा पडेल, त्याच्यासंगं जायला हवं, हे त्याला कळत होतं. पण त्याच्या खांद्यावर कुणी हात ठेवला नव्हता, आणि पायावर कोंबडीची पिलं उन्हाला येऊन बसली होती.